पाय कुणीच दाखवत नाही

‘द बिग लेबोव्स्की’ हा बोलिंगवरचा सगळ्यात लाडका सिनेमा असावा. टी-शर्टवर, मोबाईलच्या कव्हरवर, मीममध्ये, कुठेही तो भेटतो. आणि त्या अख्ख्या सिनेमात नायक एकदाही बॉल टाकत नाही. जेफ ब्रिजेसचा ड्यूड लेनच्या कडेला बसतो, पितो, मित्रांची भांडणं ऐकतो. स्वप्नात एकदा तो नायिकेच्या मागे उभा राहून तिला बॉल टाकायला मदत करतो, बस तेवढंच. १९९८च्या या सिनेमाचे चाहते ही गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगतात. बघा, बोलिंगचा सिनेमा आणि बोलिंगच नाही!

मला ती गंमत आवडते. माझी तक्रार वेगळी आहे. त्याच सिनेमात बाकीचे लोक भरपूर बॉल टाकतात, आणि तिथेही बोलिंग दिसत नाही. हात दिसतो, चेहरा दिसतो, पडणाऱ्या पिना दिसतात. मधले साठ फूट आणि बॉल सुटण्याआधी खेळाडू नेमका कुठे उभा राहिला ते एक पाऊल, ही दोन्ही गायब. नंतर मी बोलिंगवरचे जे जे सिनेमे आणि व्हिडिओ पाहिले त्यात हेच आढळलं. खेळाचं खरं नाट्य जिथे घडतं तिथे कॅमेरा जातच नाही. त्यामुळे हे सिनेमे एका खेळाबद्दल आहेत असं सांगत प्रत्यक्षात नशिबाबद्दल, अपमानाबद्दल, नाहीतर स्वभावाबद्दल बोलत राहतात.

मी कात्रजला राहते. आमच्याकडे ‘बोलिंगला चाललेय’ म्हटलं की समोरचा विचारतो, टेनिस बॉल की लेदर? टेनपिनसाठी दोन बस बदलून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मॉलमध्ये जावं लागतं. महिन्यातून दोन-तीनदा, शक्यतो सकाळी, दर कमी असतात तेव्हा. हौशी म्हणतात तसली खेळाडू आहे मी. दीडशेच्या वर गुण झाले की फोटो काढते. पण वळणारा बॉल, ज्याला सगळे हुक म्हणतात, तो गेली दोन वर्षं मी शिकतेय, आणि त्यामुळे या सिनेमांकडे बघण्याची माझी नजर थोडी बिघडली आहे. ती बिघडलेली नजर घेऊनच पुढचं लिहिते आहे. त्यासाठी आधी लेनबद्दल थोडं सांगावं लागेल. सिनेमावाले सांगत नाहीत, म्हणून.

फाउल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंत ६० फूट. रुंदी साधारण साडेएकेचाळीस इंच, त्यात ३९ फळ्या. आता बऱ्याच ठिकाणी लाकूड जाऊन सिंथेटिक आलंय, तरी फळ्यांच्या रेघा तशाच ठेवलेल्या असतात, कारण खेळाडू फळ्या मोजूनच बोलतात. या लेनवर मशिनने तेल पसरलेलं असतं. नेहमीच्या हौशी लेनवर ते साधारण पहिल्या ४० फुटांपर्यंत असतं, मधल्या फळ्यांवर जास्त आणि कडेला कमी. शेवटचे वीसेक फूट जवळपास कोरडे. बॉल तेलावरून घसरत जातो, तेव्हा त्याच्यातला पीळ कामाला येत नाही. कोरडं लागलं की पकड मिळते, बॉल वळतो, आणि मग शांतपणे गडगडत पिनांमध्ये शिरतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याला तो पहिल्या आणि तिसऱ्या पिनच्या मधल्या फटीत, ज्याला पॉकेट म्हणतात, तिथे न्यायचा असतो. अमेरिकेतल्या यूएसबीसी या बोलिंग संस्थेने केलेल्या चाचण्यांत पॉकेटमध्ये शिरताना साधारण ६ अंशांचा कोन सगळ्यात फायद्याचा ठरला. सरळ बॉल अगदी कडेच्या फळीवरून तिरका सोडला तरी वरच्या मापांचा हिशेब मांडून कोन येतो दीड अंशाच्या आसपास. वळणाची गरज इथून येते. ते मिरवण्यासाठी नसतं.

आता मुख्य गोष्ट. हे तेल दिसत नाही. लेन वरपासून खालपर्यंत सारखीच चकाकते, कारण तिच्यावरचं फिनिशच चकचकीत असतं. आणि हे तेल जागेवरही राहत नाही. प्रत्येक बॉल थोडं तेल उचलून नेतो, थोडं पुढे ढकलतो. पहिल्या गेमला जिथून टाकलेला बॉल बरोबर पॉकेटमध्ये जात होता, तिसऱ्या गेमला तिथूनच, त्याच हाताने, त्याच वेगाने टाकलेला बॉल लवकर वळायला लागतो आणि पहिल्या पिनच्या थेट नाकावर जाऊन आपटतो. मग दोन्ही कडांना एकेक पिन उभी राहते आणि मित्र हसतात.

अशा वेळी काय करायचं? लेनच्या मागे सोफ्यावर बसलेल्या प्रत्येकाकडे याचं उत्तर असतं. मनगट कमी फिरव. जोरात टाक. बोटं नीट काढ. म्हणजे तुझ्या हातात काहीतरी बिघडलंय, ते दुरुस्त कर. खरं उत्तर अगदी साधं आणि ऐकायला उलटं आहे. बॉल जास्त डावीकडे गेला, तर तू आणखी डावीकडे सरक. पाय दोन फळ्या डावीकडे, नजर एक फळी डावीकडे, हात जसा होता तसाच. असं केलं की बॉल मधल्या तेलातून थोडा जास्त वेळ घसरतो आणि उशिरा वळतो. हिशेबही सरळ आहे. आपण ज्या बाणांकडे बघून टाकतो ते साधारण १५ फुटांवर असतात आणि पिना ६० फुटांवर. बाण तोच ठेवून पाय एक फळी डावीकडे घेतला, तर पिनांपाशी बॉलची दिशा सुमारे तीन फळ्या उजवीकडे जाते. हाताला हातही लावावा लागत नाही. सरकूनही जमलं नाही तर वेग थोडा बदलायचा, किंवा बॉल बदलायचा. मनगट सगळ्यात शेवटी. कारण मनगट बदललं की पुढचा बॉल चुकल्यावर कळतच नाही की लेन बदलली होती की आपण.

कात्रजच्या जुन्या घाटातून पावसाळ्यात एसटीने गेला असाल तर ही गोष्ट तुम्ही पाहिलेली आहे. ओल्या रस्त्यावर अनुभवी ड्रायव्हर स्टिअरिंगशी झटापट करत नाही. तो वळण यायच्या आधीच गाडी वेगळ्या रेषेत आणून ठेवतो. बसलेल्या माणसाला वाटतं, आज वळण सोपं गेलं.

आणि घरातलं उदाहरण हवं असेल तर कॅरम आहे. बोरिक पावडर किती मारली, कुठे मारली, कोपऱ्यात साचली का, यावर स्ट्रायकर कसा पळेल हे ठरतं. आपल्यातला सगळ्यात चांगला कॅरमपटू काका आधी बोर्डवरून तळहात फिरवतो. डाव सुरू व्हायच्या आधीचा तो तळहात मला कुठल्याच बोलिंगच्या सिनेमात सापडला नाही.

क्रिकेटवाल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. फेब्रुवारी २०१७मध्ये गहुंजेला भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी झाली तेव्हा पुण्यातली सगळी रिक्षा, सगळी टपरी मातीवर बोलत होती. भारत १०५ आणि १०७ धावांत गुंडाळला गेला, तीन दिवसांत सामना संपला, ३३३ धावांनी हार झाली. स्टीव्ह ओकीफने दोन्ही डावांत ३५ धावांत ६ बळी घेतले, पण चर्चेत त्याच्या बोटांपेक्षा खेळपट्टी जास्त होती. पुढे आयसीसीने त्या खेळपट्टीला ‘निकृष्ट’ शेरा दिला. दुसऱ्या डावात विराट कोहलीने बॉल वळेल म्हणून बॅट वर उचलून सोडून दिला, तो वळलाच नाही आणि यष्ट्या गेल्या. ते दृश्य टीव्हीवर बघताना शाळकरी पोरांनाही कळत होतं की इथे तीन पात्रं आहेत. एक बॉल टाकणारा, एक खेळणारा, आणि तिसरी जमीन. क्रिकेटचं प्रक्षेपण सामना सुरू होण्याआधी एका माणसाला खेळपट्टीवर उकिडवं बसवतं आणि भेगा दाखवतं. ती प्रेक्षकाची शिकवणी असते. बोलिंगच्या सिनेमाने अशी शिकवणी कधी घेतलीच नाही, म्हणून त्यातला प्रेक्षक दोनच पात्रं बघतो. टाकणारा आणि पिना.

परत ‘लेबोव्स्की’कडे येते. कोएन बंधूंची दृश्यकल्पना अफाट आहे यात वाद नाही. रॉजर डीकिन्सचा कॅमेरा सुरुवातीच्या नामावलीतच बोलिंगच्या गल्लीला देवळासारखा फिरून दाखवतो. पहिल्या स्वप्नात तर तो बॉलच्या बोटाच्या भोकात जाऊन बसतो, आणि आपण बॉलच्या आतून छत, लेन, छत, लेन अशा कोलांट्या खात पिनांकडे जातो. पहिल्यांदा बघताना मी टाळी वाजवली होती. आता बघताना एक गोष्ट खटकते. तो बॉल सरळ, चाकासारखा गडगडत जातो. हुक टाकलेल्या बॉलच्या आत कॅमेरा ठेवला असता तर आधी बराच वेळ जग एका बाजूला कलंडून फिरत राहिलं असतं, पुढे तर सरकतोय पण त्या दिशेला गडगडत नाही असं विचित्र वाटलं असतं, आणि मग चाळीसाव्या फुटाच्या आसपास अचानक पकड मिळून ते सगळं सरळ झालं असतं. स्वप्नासाठी याहून चांगलं दृश्य कोणतं? पण त्यासाठी तेलाची जाणीव असावी लागते.

तेलावरून आठवलं. याच सिनेमात जॉन टर्टुरोचा जीझस क्विंताना जांभळ्या कपड्यांत येतो, स्लो मोशनमध्ये बॉलला जीभ लावतो, स्ट्राईक टाकतो आणि नाचतो. जगभरात त्याची नक्कल होते. लेनवर काय पसरलेलं असतं आणि परत आलेल्या बॉलला काय लागलेलं असतं हे ज्याला माहीत आहे, त्याला ते दृश्य वेगळ्याच कारणाने विसरता येत नाही. खरा खेळाडू परत आलेला बॉल आधी निरखतो. त्याच्यावर तेलाच्या कड्या उमटलेल्या असतात. त्या कुठे आहेत, किती जाड आहेत हे बघतो आणि मग टॉवेलने पुसतो. पुसणं ही लकब दिसते, पण त्याच्या आधीचे दोन सेकंद वाचन असतं. सिनेमात नेहमी फक्त पुसणं येतं.

डॉनीचं काय? स्टीव्ह बुसेमीचा हा बिचारा संपूर्ण सिनेमाभर स्ट्राईकवर स्ट्राईक टाकतो, कुणी त्याच्याकडे बघत नाही. मग एकदा एक पिन उभी राहते. तो चकित होऊन बघतो. थोड्या वेळाने तो मरतो. चाहत्यांच्या मते ती उभी राहिलेली पिन म्हणजे मृत्यूची चाहूल. सिनेमाच्या भाषेत ते बरोबरच आहे, आणि ते किती हलक्या हाताने केलंय याला दाद द्यावीच लागते. पण डॉनीच्या चेहऱ्यावर जो गोंधळ आहे, सगळं तसंच केलं, मग हे का, तो रोज कुठल्या ना कुठल्या लेनवर दिसतो. त्याला उत्तर असतं. तो दोन फळ्या सरकला असता. ज्याला उत्तर आहे त्या गोष्टीला सिनेमाने नियती करून टाकलं.

‘किंगपिन’ (१९९६) हा त्याहून उथळ सिनेमा आहे आणि मला तो ‘लेबोव्स्की’पेक्षा जास्त आवडतो, हे सांगून टाकते. फॅरेली बंधूंचे विनोद तेव्हाही सगळ्यांना पचत नव्हते, आज तर निम्मे पचणार नाहीत. गोष्ट अशी. रॉय मन्सन हा आयोवाचा तरुण विजेता, लोकांना गंडवून पैसे कमावण्याच्या नादात पकडला जातो आणि चिडलेले लोक त्याचा उजवा हात बॉल परत येण्याच्या यंत्रात घालतात. हात जातो. त्या जागी हुक येतो. होय, शब्दशः हुक. वळणाऱ्या बॉललाही हुकच म्हणतात, त्यामुळे हा श्लेष दिग्दर्शकांना सुचला नसेल असं मी मानत नाही. पुढे तो इश्माएल नावाच्या आमिश तरुणाला शोधतो, जो आपली सरासरी २७० सांगतो. नंतर कळतं की त्याच्याकडे दहाऐवजी पंधरा फ्रेमचा गेम खेळतात. (हा विनोद समजायला बोलिंगचे गुण कसे मोजतात ते थोडं माहीत असावं लागतं. संपूर्ण सिनेमातला हा एकमेव विनोद ज्यात खेळ आत शिरतो.)

‘किंगपिन’चा पायाच असा आहे की सगळी संपत्ती हातात आहे. हात गेला की माणूस गेला. हात परत मिळाला, भले रबरी का असेना, की माणूस परत उभा राहिला. खेळाच्या दृष्टीने हे जवळजवळ निरर्थक आहे. अंगठा आधी सुटणं आणि मग बोटांनी पीळ देणं यावर हुक उभा असतो, आणि रबरी हात तेवढं एकच करू शकत नाही. पण शेवट चांगला आहे. रीनोच्या स्पर्धेत मन्सन अर्नी मॅक्रॅकनकडून हरतो. बिल मरेचा हा मॅक्रॅकन, टकलावर आडवे ओढलेले केस विस्कटून उभे राहिलेले, शेवटी एकामागून एक स्ट्राईक टाकतो. वाईट माणूस जिंकतो आणि सिनेमा त्याची माफी मागत नाही. खेळात नीतिमत्तेचे गुण मिळत नाहीत, हे इतक्या स्वच्छपणे सांगणारे क्रीडापट थोडे आहेत. मला आवडतो तो यासाठी.

तिसरा सिनेमा माहितीपट आहे, ‘अ लीग ऑफ ऑर्डिनरी जंटलमन’ (२००४), दिग्दर्शक क्रिस्टोफर ब्राउन. हा शोधून बघा असं मी म्हणेन, आणि तरी सगळ्यात जास्त राग मला याच्यावर आहे, कारण हा सत्याच्या अगदी जवळ जाऊन परत फिरतो. व्यावसायिक बोलिंगची संघटना पीबीए २०००मध्ये मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेल्या तिघांनी विकत घेतली. टीव्हीवरचा प्रेक्षक आटला होता. त्यांनी नायकीतून आलेल्या स्टीव्ह मिलरच्या हाती कारभार दिला, आणि तो खेळाडूंना सांगू लागला की भावना दाखवा, भांडा, लोकांना तुम्ही कोण आहात ते कळू दे. माहितीपट चार खेळाडूंच्या मागे फिरतो. त्यातले दोन लक्षात राहतात. पीट वेबर, काळा चष्मा, हात मागे डोक्याच्याही वर नेऊन टाकलेला मोठा वळणदार बॉल, स्ट्राईक पडल्यावर अचकट हातवारे. (२०१२ची यू.एस. ओपन एका पिनने जिंकल्यावर व्याकरणाचा पत्ता नसलेलं वाक्य ओरडणारा तो मीममधला माणूस हाच.) आणि वॉल्टर रे विल्यम्स ज्युनियर, सर्वाधिक ४७ पीबीए विजेतेपदांचा मानकरी, घोड्याचे नाल फेकण्याच्या खेळातला जगज्जेता, आणि कॅमेऱ्याच्या दृष्टीने कमालीचा कंटाळवाणा. वॉल्टर रेचा बॉल फारसा वळत नाही. तो त्याच्या वेगावर आणि रेषेवर जगतो.

शेवटी २००३च्या जागतिक विजेतेपदाच्या लढतीत हे दोघे समोरासमोर येतात आणि वॉल्टर रे जिंकतो. माहितीपट याचा अर्थ लावतो तो असा. तापट माणूस विरुद्ध थंड माणूस, थंड माणूस टिकला. स्वभावाचा विजय. मी ही लढत पुन्हा पुन्हा पाहिली आहे आणि मला त्यात दुसरी गोष्ट दिसते. ज्याचा बॉल कमी वळतो त्याला बदलत्या तेलाचा त्रास कमी होतो. ज्याचा जास्त वळतो त्याला दर काही बॉलनंतर नवीन हिशेब मांडावा लागतो. वेबरने आयुष्यभर तो हिशेब इतरांपेक्षा चांगला मांडला म्हणून तर तो वेबर. तो जिंकतो तेव्हाही स्वभावाने जिंकत नाही, वाचून जिंकतो. पण माहितीपटाला विकायची होती व्यक्तिमत्त्वं. गंमत बघा, ज्या मार्केटिंगवर तो मिश्कीलपणे बोट ठेवतो, त्याच मार्केटिंगच्या चष्म्यातून तो खेळ बघतो.

सिनेमे बाजूला ठेवू. आपल्यापैकी बहुतेक जण खेळ शिकतात ते फोनवर, आणि हुक कसा टाकावा यावरचे व्हिडिओ हा आता स्वतःचा एक साहित्यप्रकार आहे. त्याची रचना ठरलेली. सुरुवातीला स्ट्राईकचा आवाज. मग हात, अगदी जवळून, संथ गतीने. अंगठा सुटतो, बोटं बाजूने वर येतात, बॉल लट्टूसारखा पिळत निघतो. तंत्र म्हणून यात चूक काही नसतं. त्यातले काही शिक्षक खरोखर उत्तम आहेत. पण हात बघून बघून माणसाला वाटू लागतं की वळण हातात राहतं. मॉलमधला भाड्याचा बॉल पॉलिएस्टरचा असतो, भोकं कुणाच्याच बोटांच्या मापाची नसतात. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आलेले रेझिनचे बॉल, जे कोरड्या लेनला चिकटल्यासारखे वळतात, ते वेगळंच प्रकरण आहे. व्हिडिओतला बॉल बहुतेकदा तो असतो. आपल्या हातात पॉलिएस्टर. मग पोरं तेवढं वळण मनगटातून काढायला जातात आणि दुसऱ्या दिवशी लॅपटॉपसमोर मनगट दाबत बसतात.

जेसन बेल्मॉन्टमुळे यात आणखी भर पडली. ऑस्ट्रेलियातल्या ऑरेंज गावात आईवडिलांच्या बोलिंग सेंटरमध्ये वाढलेला हा मुलगा, इतका लहान असताना खेळायला लागला की दोन हातांशिवाय बॉल उचलता येत नव्हता. ती पद्धत त्याने सोडलीच नाही आणि पीबीएच्या इतिहासात सर्वाधिक मेजर विजेतेपदं मिळवली. दोन हातांनी टाकलेल्या त्याच्या बॉलचा पीळ बघणं हा शुद्ध आनंद आहे. त्याच्या क्लिप्स फिरतात त्या बॉल सुटण्याच्या क्षणाच्या. पण पूर्ण सामना बघायला बसलात तर हा माणूस एका सामन्यात किती वेळा बॉल बदलतो, किती वेळा उभं राहायची जागा हलवतो, आणि शेजारच्या लेनवर प्रतिस्पर्ध्याचा बॉल जाताना किती एकटक बघतो हे लक्षात येतं. तीस सेकंदांच्या रीलमध्ये हे बसत नाही. रीलमध्ये प्रतिभा बसते.

मला हे फक्त बोलिंगचं दुखणं वाटत नाही. आमच्या पिढीला मिळणारा बहुतेक सगळा सल्ला मनगटाबद्दल असतो. नोकरी मिळत नाही, कौशल्य वाढव. झोप लागत नाही, शिस्त आण. समोरची लेन गेल्या दोन तासांत बदललीय का, हे विचारणारा माणूस सोफ्यावर नसतो. (इथे मी थांबते. बोलिंगमधून आयुष्य शिकवणाऱ्या लेखांचा मला तिटकारा आहे.)

सोफ्यावरचा तो माणूस कुठे गेला याचं एक उत्तर मात्र एका पुस्तकात आहे, जे बोलिंगबद्दल नाही. रॉबर्ट पटनम यांनी १९९५च्या ‘बोलिंग अलोन’ या निबंधात, आणि २०००मध्ये त्याच नावाच्या पुस्तकात, अमेरिकेतला सामाजिक धागा उसवतोय हे सांगायला बोलिंग वापरलं. १९८० ते १९९३ या काळात अमेरिकेत बोलिंग खेळणारे १० टक्क्यांनी वाढले, पण लीगमध्ये खेळणारे ४० टक्क्यांनी घटले. पटनम यांना चिंता होती गप्पांची, शेजारधर्माची, नागरिकत्वाची. लीग गेल्याने आणखी एक गोष्ट गेली असणार. दर आठवड्याला त्याच लेनवर येणारा, त्या लेनचं तेल कधी आणि कुठे उडतं हे माहीत असलेला, नवख्याला ‘पोरा, दोन फळ्या डावीकडे’ एवढंच सांगून परत बिअरकडे वळणारा म्हातारा. हे ज्ञान पुस्तकात मावतं, मी वर दोन परिच्छेदांत लिहिलंच की. पण ते योग्य वेळी सांगायला तिथे हजर असलेला माणूस लागतो. मॉलमध्ये आपण मित्रांच्या घोळक्यात जातो, तासाभरात दोन गेम खेळतो, फोटो काढतो, निघतो. लेन बदलेपर्यंत आपण थांबतच नाही. मी सकाळी एकटी जाते, सलग चार गेम खेळते, आणि तिसऱ्या गेमच्या मध्यावर बॉल लवकर वळायला लागतो तेव्हा मला खरं तर आनंद होतो. आता खेळ सुरू झाला.

या सगळ्या पसाऱ्यात मला सगळ्यात प्रामाणिक वाटलेली गोष्ट कुठल्या दिग्दर्शकाने केलेली नाही. पीबीएने टीव्हीवरच्या सामन्यांसाठी काही काळ लेनवर निळ्या रंगाचं तेल वापरलं. कारण व्यापारीच होतं, प्रेक्षकाला काहीतरी दिसावं. पण त्या निळ्या पट्ट्याने सगळं चित्र बदललं. तेल कुठे आहे आणि कुठे संपतं हे घरबसल्या दिसतं. बॉल निळ्यावर असेपर्यंत अगदी भलत्याच दिशेला, गटरकडे निघालेला वाटतो. निळं संपतं आणि तो परत फिरतो. ज्याला आपण जादू समजत होतो तिच्या खाली जमीन आहे हे कळतं, आणि जादू कमी होत नाही. उलट खेळाडू डावीकडे सरकतो तेव्हा तो का सरकला ते समजतं. मला विचाराल तर बोलिंगवरचं सगळ्यात चांगलं समालोचन त्या रंगाने केलं.

माझा धनकवडीचा एक मित्र आहे, दर बॉलला मनगट बदलणारा. त्याला मागच्या महिन्यात असा एक जुना सामना दाखवला. आधी तो पिनांकडेच बघत होता. तिसऱ्या-चौथ्या फ्रेमला त्याने विचारलं, “हा आत्ता जागा बदलून उभा राहिला का गं?” मी मागे घेऊन परत लावलं. दोनदा लावलं. कळेना, कारण त्या क्षणी कॅमेरा खेळाडूच्या कमरेच्या वर होता.